वय ३५, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, आता डिग्री करायची तर ब्रँच कोणती घेऊ?

पॅनेलवाला_वाळूज

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसापासून लिहू लिहू म्हणत होतो, आज नाईट संपवून आलो आणि झोप काही येईना म्हणून लिहायलोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं गाव अंबड तालुक्यात. दहावी २००६, मग आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग दोन वर्षं कंपनीत काम, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमा इलेक्ट्रिकल, २०१२ ला पास झालो ६१ टक्के. तेव्हापासून संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, तीन कंपन्या बदलल्या, आता एका ऑटो पार्टच्या प्लांटमध्ये पाच वर्षं झाली. बजाजनगरला भाड्याने राहतो, बायको घरी ब्लाऊज शिवते, पोरगा चौथीला. पगार हातात २७ हजार. गावाकडे वडील आहेत, चार एकर, त्यात दीड एकर मोसंबी बाकी कापूस.

डिग्री करायची इच्छा २०१२ लाच होती पण तेव्हा बहिणीचं लग्न होतं, राहून गेलं. आता आमच्या इथं सिनियर इंजिनिअरच्या पोस्टला डिग्री कंपल्सरी केलीय, माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा डिग्रीवाला होता म्हणून तो माझ्या वर गेला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, चांगला पोरगा आहे, अजून पण काही अडलं की मलाच फोन करतो. पण रात्री घरी येताना ते डोक्यात फिरतंच.

आता प्रश्न ब्रँचचा. डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला घेतात, आणि तिथं आता डिप्लोमाची ब्रँच आणि डिग्रीची ब्रँच एकच पाहिजे असं राहिलं नाही, त्यामुळे सगळे सल्ले द्यायलेत. मेहुणा म्हणतो कॉम्प्युटर नाहीतर एआय घे, बाकी सगळं संपलं. कंपनीतले एक साहेब म्हणतात मेकॅनिकल घे, मॅनेजर व्हायचं असेल तर मेकॅनिकलवालाच होतो. वडील म्हणतात सिव्हिल घे, समृद्धी झाला, अजून रस्ते होणारच. इलेक्ट्रिकल घे असं कुणीच म्हणत नाही, म्हणतात तेच तेच काय परत शिकतो, ते तर तुला येतंच.

आणि इथंच माझी गाडी अडते. मला येतं का? एक गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी पेंट शॉपच्या एक्झॉस्ट ब्लोअरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा, उडाला, २२ किलोवॅटचा, नवीन बसवला. चालू असताना एकदम मस्त, पण शिफ्ट संपताना स्टॉप दिलं की ओव्हर व्होल्टेजला ट्रिप. सप्लाय चेक केला, ४१५ व्होल्ट बरोबर. मोटर मेगर केली, म्हणजे इन्सुलेशन तपासलं, ओके. केबल बदलून बघितली. टर्मिनल टाईट केले. तीन दिवस गेले त्यात, प्रोडक्शनवाले रोज डोक्यावर उभे. शेवटी पुण्याहून ड्राइव्ह कंपनीचा इंजिनिअर आला, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, त्याने कीपॅडवर डिसेल टाइम, म्हणजे मोटर थांबवायचा वेळ, ५ सेकंदाचा ३० केला, म्हणाला रिजन होत होतं, चहा पिला आणि गेला. दोन मिनिटाचं काम. सगळ्यांचं काम भागलं पण मला आजपर्यंत कळलं नाही की सप्लाय ४१५ असताना व्होल्टेज वाढलं कुठून. मी इतकी वर्षं पॅनेल उघडतोय आणि मला ते माहीत नाही याचं वाईट वाटलं.

तर सांगा, या वयात कोणती ब्रँच घेतली तर फायदा होईल? नोकरी सोडता येणार नाही. तीन शिफ्ट आहेत. गणित सोडून १३ वर्षं झाली. आणि कुणी असं तिशीनंतर केलेलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा.


मराठवाडी_कोडर

दादा, मी मूळचा परभणीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये १४ वर्षं झाली, टीमसाठी पोरं घेताना इंटरव्ह्यू पॅनेलवर असतो म्हणून कॉम्प्युटरबद्दल तेवढं बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

मेहुणे चुकीचं सांगत नाहीत पण ते १८ वर्षाच्या पोराला सांगायचं तुम्हाला सांगायलेत. कॅम्पसला ज्या मोठ्या कंपन्या येतात त्या फ्रेशर घेताना बऱ्याचदा शिक्षणात इतक्या वर्षांपेक्षा जास्त गॅप नको अशी अट टाकतात, तुमचा गॅप १३ वर्षांचा आहे, फॉर्मच पुढे जात नाही. मला स्वतःला ती अट पटत नाही, मी दोनदा वर बोललो पण त्या गाळणीवर आमचा हात नसतो. म्हणजे तुम्ही डिग्री घेऊन बाहेर पडणार ३८-३९ ला, शेजारी बसलेला २१-२२ चा, दोघंही फ्रेशर, आणि तुमची मेंटेनन्सची १३ वर्षं त्या कागदावर शून्य धरली जाणार. ती वर्षं शून्य होतील अशी ब्रँच घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

कोडिंग शिकायचंच असेल तर त्याला डिग्रीची वाट बघायची गरज नाही. पायथन शिका, रोज अर्धा तास, फुकट मिळतं सगळं. तुमच्या प्लांटमध्ये मशीन चालवणारे पीएलसी आहेत, त्यांच्यावर नजर ठेवणारं स्काडा आहे, त्यातून मशीनचा डेटा निघतो, तो एक्सेलमध्ये पडून राहतो आणि कुणी बघत नाही. मशीन पण कळतं आणि डेटा पण कळतो असा माणूस आम्ही शोधतो तेव्हा सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय. मागच्या वर्षी एका फॅक्टरीच्या प्रोजेक्टवर आमची दोन हुशार पोरं महिनाभर अडकली, का तर ओव्हरलोड रिले ट्रिप होणं आणि ऑपरेटरने मशीन बंद करणं, दोन्ही डेटात सारखंच दिसायलं होतं. शेवटी तिथल्या एका इलेक्ट्रिशियन काकांनी पॅनेलसमोर उभं राहून समजावलं तेव्हा काम पुढं सरकलं.

म्हणून कॉम्प्युटर हा विषय घ्या, ब्रँच नको.


साईटवरची_लातूर

दादा तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी तिशीनंतर केलंय म्हणून लिहिते.

माझा डिप्लोमा सिव्हिलचा, २००७ ला झाला आणि लगेच लग्न. मग घर, सासू-सासरे, मुलगी, पुस्तकं कपाटावर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, मी घागरी घेऊन लाईनीत उभी असायची आणि मनात एकच, की आपण पाणीपुरवठ्याचा पेपर दिलाय, त्यात चांगले मार्क घेतलेत, आणि आपण इथं घागर घेऊन उभ्या आहोत. त्यानंतर दोन वर्षं घरच्यांना समजावण्यात गेली. ३२ व्या वर्षी डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेतलं, सिव्हिललाच. मलाही तेव्हा सगळे म्हणाले कॉम्प्युटर घे, बायकांना एसीत बसून काम बरं.

आता खरं सांगा म्हणालात तर खरं सांगते. ब्रँचनं मला त्रास नाही दिला, गणितानं दिला. सेकंड इयरला गेल्या गेल्या एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर असतो, लाप्लास, फुरिए, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल. बाकीची मुलं एम-वन एम-टू करून आलेली असतात आणि आपण डायरेक्ट आलेलो असतो. मी पहिल्यांदा नापास झाले, २० पैकी एकाच प्रश्नाला हात लावता आला होता. घरी येऊन खूप रडले. मग एका सरांनी बोलावून घेतलं आणि माझी वही बघितली, म्हणाले तुला लाप्लास जमत नाही असं नाही, तुला पार्शियल फ्रॅक्शन येत नाही, आणि ते येत नाही कारण तू अवयव पाडायला विसरलीस. अवयव पाडणे, म्हणजे आठवी-नववीचं! मग मी बालभारतीची नववी-दहावीची आणि मग अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणली, दोन महिने रोज पहाटे साडेचार ते सहा तेवढंच केलं, एम-थ्रीला हातच लावला नाही. दुसऱ्या वेळी निघाला, ५४ मार्क. म्हणून तुम्ही ॲडमिशनच्या आधीच, आजपासून, दहावीचं पुस्तक उघडा. लाजू नका.

सिव्हिल घेऊ का म्हणाल तर, वडिलांचं म्हणणं खोटं नाही, कामं भरपूर आहेत. मी आता एका कन्सल्टंटकडे जलजीवनच्या योजनांचे एस्टिमेट करते. माणशी ५५ लिटर धरायचं, गावची लोकसंख्या ३२०० असेल तर दिवसाला १ लाख ७६ हजार लिटर, त्यावरून टाकी किती, पाइप किती इंची, मोटर किती एचपी. पण ही तर कागदावरची बेरीज झाली, पाण्याचा उद्भव उन्हाळ्यात आटतो का हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही आणि ते विचारायची सवय मला त्या घागरीच्या लाईनीनं लावली. तुम्हाला तुमच्या कामात असं काही आहे का बघा. तुम्ही सिव्हिलबद्दल एक ओळ लिहिलीत आणि ब्लोअरबद्दल पंधरा. मी परकी बाई, पण मला वाचताना ते दिसलं.

अजून एक, फीचं. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन घ्या, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला उत्पन्न ८ लाखाच्या आत लागतं आणि मॅनेजमेंट कोट्याला ती मिळत नाही. कुणी ताई हे वाचत असतील तर २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना त्याच मर्यादेत ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, माझ्या वेळेला हे नव्हतं. उत्पन्नाचा दाखला आणि गॅपचं ॲफिडेव्हिट आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला गर्दी असते.


पॅनेलवाला_वाळूज

ताई, ते पंधरा ओळीचं खरं आहे, तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षात नव्हतं आलं. दहावीचं पुस्तक पोराच्या शाळेतून बघतो मिळतंय का. कोडर दादा तुमचं पण पटलं, मेहुण्याला वाचून दाखवलं.

पण एक शंका तशीच आहे, इलेक्ट्रिकल परत घेणं म्हणजे तेच तेच होणार नाही ना? डिप्लोमात पण मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्टार्टर हे सगळं झालंच होतं की.


ड्राइव्ह_सर्व्हिस_जालना

भाऊ, तुमचा ब्लोअर वाचला आणि मला राहवलं नाही. आधी त्याचं उत्तर देतो, त्यातच ब्रँचचं उत्तर आहे.

ड्राइव्ह काय करतो, तुमचे ४१५ व्होल्ट एसी आत घेऊन डायोड ब्रिजने डीसी करतो. ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे आत कपॅसिटरवर साधारण ५८५ व्होल्ट डीसी उभं असतं, याला डीसी बस म्हणतात. त्या डीसीतून पुढं आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच परत पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचं एसी बनवतात. आता तुम्ही स्टॉप दिलं. ड्राइव्हला ५ सेकंद सांगितलेत म्हणून त्याने फ्रिक्वेन्सी झपाझप खाली आणली. पण ब्लोअरचा पंखा जड, तो आपल्या वेगात फिरतोच आहे. म्हणजे रोटरचा स्पीड फ्रिक्वेन्सीच्या हिशोबाने जो स्पीड पाहिजे त्याच्या वर गेला, स्लिप, म्हणजे या दोन स्पीडमधला फरक, उलटी झाली. इंडक्शन मोटरचा रोटर सिंक्रोनस, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या हिशोबाच्या, स्पीडच्या वर गेला की ती मोटर राहत नाही, जनरेटर होते. पंख्यात साठलेली ताकद करंट बनून मागं डीसी बसमध्ये यायला लागते. मागं डायोड ब्रिज, डायोड एका बाजूनेच जाऊ देतो, लाईनला परत जायला वाट नाही. मग ते कपॅसिटरमध्ये साठत जातं, ५८५ चे ६५०, ७५०, आणि ८०० च्या आसपास गेलं की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. हे रिजन. व्होल्टेज तुमच्या सप्लायमधून नाही, तुमच्या पंख्यातून आलं होतं. ३० सेकंद दिले की पंखा हळूहळू हवेतच ताकद घालवतो, बसमध्ये येतच नाही तेवढी. घाईनं थांबवायचंच असतं तर ती ताकद जाळायला ब्रेकिंग रेझिस्टर लावावा लागला असता. घाई नसेल तर फ्री कोस्टला सोडायचं, म्हणजे पंखा आपोआप थांबू द्यायचा. आणि ५ सेकंद आले कुठून, तर नवा ड्राइव्ह बसवताना जुन्याचे पॅरामीटर कुणी लिहून ठेवले नसणार, फॅक्टरी सेटिंगवरच चालू केला.

आता बघा. मी जे सांगितलं त्यात स्लिप आहे, ती डिप्लोमाच्या मशीन्समध्ये तुम्ही शिकलात, सूत्र पाठ असेल. पण स्लिप निगेटिव्ह झाली तर काय होतं हे तेव्हा एका ओळीत सांगून पुढं गेले असणार. डिग्रीला तीच मोटर परत येते पण 'असं का होतं' हा प्रश्न घेऊन येते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स येतं, कंट्रोल सिस्टिम येते, लाप्लास येतो, आणि लाप्लास कशाला तर तो ब्लोअर ५ सेकंदात थांबवला तर काय आणि ३० मध्ये थांबवला तर काय, हे न थांबवता कागदावर काढायला. तुम्ही ते तेच तेच म्हणता, मला उलटं वाटतं, वर्गात हे शिकताना ज्याच्या डोळ्यासमोर खरा ब्लोअर आहे असा माणूस एखादाच असतो.

मी स्वतः २९ ला केलं, इलेक्ट्रिकलच. तेव्हा नोकरी करून करायची सोय आपल्याकडे नव्हती, नोकरी सोडली, तीन वर्षं बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि माझ्या वायरिंगच्या किरकोळ कामांवर घर चाललं. दिवस वाईट होते, दूधवाल्याचं बिल तीन महिने थकायचं. आज जालन्यात स्टीलवाल्यांचे ड्राइव्ह, क्रेन, रोलिंग मिलचे पॅनेल बघतो, तीन पोरं हाताखाली आहेत. इंडक्शन फर्नेसच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे लाईनची लहर बिघडल्यामुळे, कुणाचे कपॅसिटर फुगले तर रात्री दोनला फोन येतो.

तुमच्या अंबडकडे सौर पंप किती लागलेत बघा. कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप, शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, ३, ५, साडेसात एचपी. त्या पंपाचा कंट्रोलर म्हणजे दुसरं काय, तुमच्या ड्राइव्हचा पुढचा अर्धा भाग, फक्त डीसी बसला डायोड ब्रिजच्या जागी पॅनेल जोडलेलं. तो बंद पडला की गावात दुरुस्त करणारा कोण आहे? आणि इकडं बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरात टोयोटा, जेएसडब्ल्यू, एथर यांचे इलेक्ट्रिक गाड्यांचे प्लांट जाहीर झालेत, त्या गाडीत पण बॅटरीचा डीसी, इन्व्हर्टर आणि मोटर, आणि तिथं रिजन झालेलं पाहिजे असतं, ब्रेक मारला की बॅटरी चार्ज. जे तुमच्या ब्लोअरला दुखणं होतं तेच तिथं कामाला लावलंय.

नोकरी सोडू नका. २०२३ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्राच्या संस्थेने, नोकरी करणाऱ्यांसाठी बी.टेक.ची वेगळी सोय केलीय, संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळेला वर्ग, किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि तुमची कंपनी कॉलेजपासून ठरवलेल्या अंतरात पाहिजे. डिप्लोमावाल्याला तीन वर्षं. सगळी कॉलेजं देत नाहीत आणि ब्रँच पण मोजक्याच असतात, म्हणून कॉलेजात जाऊन त्या ब्रँचच्या मान्यतेचं पत्र बघायला मागा.


एकदा_फसलो

जालनावाल्या भाऊंनी मान्यतेचं पत्र बघा म्हटलं ते दहा वेळा वाचा. मी बीडचा. माझं सांगतो, इतकी वर्षं कुठं बोललो नव्हतो.

मलाही अशीच घाई झाली होती, वय ३१. शहरात एक ऑफिस होतं, म्हणाले घरबसल्या बी.टेक., परीक्षेला वर्षातून एकदा बाहेरच्या राज्यात जायचं, तीन वर्षं, ब्रँच कोणती पण घ्या. कोणती पण घ्या म्हणाले तिथंच मी उठायला पाहिजे होतं, वर्कशॉप नाही लॅब नाही तर मेकॅनिकल शिकवणार कुठं. पण मला कागद पाहिजे होता. बायकोच्या पाटल्या मोडून एक लाख पस्तीस हजार भरले. कागद आला पण, सोनेरी अक्षरात. २०१८ ला प्रमोशनला लावला तर एचआरने परत केला, म्हणाले नोव्हेंबर २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, डिस्टन्सने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या चालत नाहीत. ते ऑफिस कधीच बंद झालं होतं, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. घरी दोन महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली की पाटल्या जाऊ द्या, तुमची तीन वर्षं गेली.

एएमआयईचं, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेचं पण कुणी सांगेल, ती संस्था जुनी आणि खरी आहे, पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलं त्यांनाच ती डिग्रीच्या बरोबरीची धरतात, आता नवीन करून प्रमोशनला चालणार नाही.

आणि भाऊ, सरकारी नोकरीचा विचार मनात असेल तर वयाचा हिशोब आधी करा. राज्य सरकारच्या भरतीला साधारण खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. आज ३५, डिग्री ३८ ला. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला वयाची अट नाही म्हणून आपण पुढचं विसरतो.


टूलरूम_चिकलठाणा

मेकॅनिकलची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून. मेकॅनिकल संपलं वगैरे काही नाही, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथं डाय, फिक्स्चर, सीएनसीवाला चांगला माणूस मिळत नाही म्हणून आमची डिलिव्हरी लेट होते. तुम्ही फिटर किंवा मशिनिस्ट असता तर मी हट्टाने मेकॅनिकल घ्यायला लावलं असतं. पण मॅनेजर मेकॅनिकलवालाच होतो हे साहेबांचं त्यांच्या काळातलं आहे. आता लाईन बंद पडते ती जास्त करून सेन्सर, सर्वो, पीएलसीमुळे, आणि त्या वेळी सगळे इलेक्ट्रिकलवाल्याच्या तोंडाकडे बघतात. इलेक्ट्रिकलच घ्या, आणि जमलं तर न्यूमॅटिक हायड्रॉलिकचं काम एखाद्या फिटरच्या मागं राहून शिकून ठेवा.


पॅनेलवाला_वाळूज

महिनाभराने लिहितोय, माफ करा. मधे दोन माणसं सोडून गेली, डबल शिफ्ट होत्या.

जालन्याच्या भाऊंची पोस्ट मी प्रिंट काढून खिशात ठेवली होती. मागच्या रविवारी शटडाऊन होता, साहेबांना विचारून ब्लोअर चालवून बघितला. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर डीसी बसचं रीडिंग लावता येतं हे मला माहीतच नव्हतं, मॅन्युअलमधून शोधलं. चालू असताना ५८३. स्टॉप दिलं, ३० सेकंदाच्या रॅम्पवर ६४० पर्यंत गेलं आणि उतरलं. मग रॅम्प १५ केला, ७३० च्या वर गेलं. त्याच्या खाली नेला नाही, ट्रिप करायचा नव्हता, परत ३० करून ठेवला आणि सगळे पॅरामीटर वहीत लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले. तो आकडा वर चढताना मी डोळ्याने बघितला. तिथं माझ्याशिवाय फक्त हेल्पर पोरगा होता, त्याला पण समजावून सांगितलं, त्याला किती कळलं माहीत नाही पण तो म्हणाला म्हणजे पंखाच लाईट बनवायला लागला का. हो, म्हटलं, तेच.

ब्रँचचं ठरलं, इलेक्ट्रिकल. शहरात एका कॉलेजात गेलो, मान्यतेचं पत्र बघायला मागितलं तेव्हा तिथल्या क्लार्कने आधी कपाळावर आठ्या आणल्या पण मी हललो नाही, मग दाखवलं. नोकरी करणाऱ्यांची बॅच आहे आणि त्यात इलेक्ट्रिकल आहे. एचओडी मॅडमना भेटलो, त्यांनी मशीन लॅब दाखवली, डीसी मोटर, सिंक्रोनायझिंग पॅनेल, आणि एका कोपऱ्यात ड्राइव्हचा ट्रेनर धूळ खात पडलेला. मी विचारलं हा चालत नाही का, तर म्हणाल्या दोन वर्षांपासून एरर दाखवतोय. मी कव्हर उघडून बघू का म्हटलं. हसल्या आणि म्हणाल्या आधी ॲडमिशन तर घ्या.

अडचण शिफ्टची होती. वाळूजवरून नगर नाक्याचं ट्रॅफिक धरून कॉलेजला पोचायला पाऊण तास लागतो, सेकंड शिफ्ट असली की वर्ग बुडणार आणि हजेरी ७५ टक्के लागते. साहेबांशी बोललो. ज्या पोराबद्दल मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, जो माझ्या वर गेला, तोच स्वतःहून म्हणाला की तुमची सेकंड मी ॲडजस्ट करतो, तुम्ही फर्स्ट आणि नाईट धरा. त्याला मी काय बोलावं कळेना.

वडिलांना फोनवर सांगितलं. सिव्हिलचं त्यांनी परत काढलं नाही. म्हणाले, मग आपल्या सौर पंपाचं बघशील का, ढग आला की बंद पडतो आणि ऊन पडलं तरी लवकर चालू होत नाही, शेजाऱ्याचा होतो. दिवाळीला गावाकडे गेलो की त्याचं कंट्रोलर उघडणार आहे, भाऊ, त्याआधी तुम्हाला फोटो टाकतो.

गणित चालू आहे. लातूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दहावीचं बीजगणित संपलं, वर्गसमीकरणावर चार दिवस अडकलो होतो, बायकोने नेट लावून सोडवून घेतलं, तिचं बारावीला गणित होतं. ती दुपारी शिवण बाजूला ठेवून उदाहरणं काढून ठेवते, मी नाईटवरून आलो की तिथून पुढं. आता अकरावीचं चालू करायचंय. भाग १ मिळाला. अकरावी सायन्सच्या गणिताचा भाग २ बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या आमच्या वाळूजच्या भागात कुणाकडे जुना पडलेला असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो.